पाणी कुठे चाललंय

बाबांनी दुर्बिणीला डोळा लावण्याआधी शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, नजर नुसती चाटून गेली. मग ते वाकले, डोळा लावला, भिंगाचं चाक उगाच थोडं मागेपुढे केलं आणि म्हणाले, "वारा डावीकडून. हलकाच आहे." शेजारी उभ्या असलेल्या तिच्या हातातला टोस्ट तोंडाशी जाता जाता थांबला. चादरी डावीकडून फुगत होत्या हे खरं; पण त्या दोन इमारतींच्या सांदीत होत्या, आणि सांदीतला वारा स्वतःची अक्कल चालवतो, त्याच्यावर कधी विसंबायचं नाही, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. दुर्बीण रोखलेली होती ती चादरींवर नव्हे, त्यांच्या पलीकडे, बस-डेपोच्या लांबलचक पत्र्यावर. पत्रा आता तापायला लागला होता. बाबा बाजूला झाले तेव्हा तिने डोळा लावला. पत्र्याच्या कडेवरून पाणी वाहत होतं, उथळ धारेत गोट्यांवरून वाहतं तसं, आणि ते उजवीकडून डावीकडे चाललं होतं. इतकं स्वच्छ, की त्यात दुमत व्हायला जागाच नव्हती. "हो," ती म्हणाली, "हलकाच आहे." आणि टोस्ट खाऊन टाकला. टोस्ट गार झाला होता. बाबा म्हणजे तिचे सासरे. आजवर पाण्याची दिशा त्यांना चुकलेली तिने कधी पाहिली नव्हती.

पाणी म्हणजे अर्थात पाणी नव्हे. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, दुर्बिणीतून ती वाहत्या पाण्यासारखी दिसते. शाळेच्या पुस्तकात तिला मृगजळ म्हणतात, नेमबाजीच्या क्लबात नुसतं पाणी. हजार यार्डांवरच्या लक्ष्यावर गोळी मारायची तर हात स्थिर असून भागत नाही. गोळी निघाल्यापासून पोचेपर्यंत वारा तिला ढकलत राहतो, आणि तो वारा दिसत नाही. मैदानावर निशाणं लावलेली असतात, पण निशाण जिथे असतं तिथलंच बोलतं. मधलं सगळं सांगतं ते पाणी. पाणी उजवीकडे चाललं तर वारा डावीकडून. मग बंदुकीवरची नेम धरायची दर्शनी तितके खटके डावीकडे फिरवायची, दर खटक्याला नेम जरासा सरकतो. पाणी सरळ वर चढायला लागलं, भांड्यात उकळतं तसं, तर हात आवरायचा, कारण उकळी म्हणजे वारा दिशा बदलायच्या बेतात आहे. हे सगळं कोणीही पाठ करू शकतं. पण किती पाण्याला किती खटके, हे सांगणारा माणूस क्लबात एकच होता, आणि सांघिक सामन्यात नेमबाजाच्या मागे बसून वारा सांगायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच होतं. क्लबातले लोक त्यांना वेधशाळा म्हणत. "आमची वेधशाळा पाऊस सांगत नाही, म्हणून खरी ठरते," असं क्लबातले एक वकील म्हणायचे, आणि बाबा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. रविवारी सामना होता.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिने स्वतःला पटवलं होतं की बाबांचं लक्ष नव्हतं. लक्ष नसतं माणसाचं कधीकधी. ती कान तपासायची. भिंतींना जाड अस्तर लावलेल्या काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, हातात बटण द्यायचं. बारीकसा सूर ऐकू आला की दाबा. खोपटाएवढी खोली, पण आत गेल्यावर बाहेरचं जग मेल्यासारखं गप्प होतं आणि माणसं जराशी घाबरतात. त्या दिवशी पहिलेच आले ते एक निवृत्त मुख्याध्यापक, सुनेने ओढून आणलेले. ते उत्तम बटण दाबत होते. जरा जास्तच उत्तम. तिने मान वर केली तेव्हा त्यांची नजर तिच्या खांद्यावरून नुकतीच निसटत होती. तिला ती नजर ओळखीची होती. ऐकू कमी यायला लागलेला माणूस खोटारडा नसतो, हे ती शिकाऊ मुलींना नेहमी सांगायची. तो फक्त अभ्यासू होतो. सूर सोडताना तपासणारीचा खांदा किंचित हलतो, हे तो दोन मिनिटांत टिपतो. घरी ओठ वाचतो, दाराची घंटा कुत्र्याच्या कानांवरून ओळखतो, आणि वर्ष-दोन वर्षं कुणाला पत्ता लागू देत नाही. तिने खांदा हलवला आणि सूर सोडलाच नाही. मुख्याध्यापकांनी बटण दाबलं. ह्याला ती मनाशी रिकामा सूर म्हणायची. एरवी रिकामा सूर सापडला की तिला बरं वाटायचं, चला, आता खरं काय ते कळलं. आज तिने नुसतं यंत्र बंद केलं. मुख्याध्यापकांची नजर खांद्यावरून जशी निसटली होती, तशीच सकाळी बाबांची चादरींवरून निसटली होती. तंतोतंत.

लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा बंदुकीला हात लावणं सोडाच, जत्रेतले फुगेही तिने कधी फोडले नव्हते. नवरा भाषांतरं करायचा, घरातच, कानांवर गाणी लावून. लहानपणी बाबा त्याला मैदानावर घेऊन गेले होते तेव्हा पहिल्याच बाराला तो रडला होता आणि दुसऱ्याला गाडीत जाऊन बसला होता. तो विषय तिथेच मिटला, पण मिटलेल्या विषयांची घडी घरात दिसत राहते. पहिल्या वर्षी एकदा बाबा एकटेच मैदानावर निघाले होते, आणि ती सहज म्हणाली, "मी येऊ?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जा बाई, जा. त्यांना बोलायला कुणी नाही म्हणून ते वाऱ्याशी बोलतात." त्या दिवशी बाबांनी तिला बंदूक दिलीच नाही. चटईवर पालथं झोपवलं, दुर्बीण पुढ्यात ठेवली आणि विचारलं, "काय दिसतंय?" तिला लक्ष्य दिसत होतं, ते जरा थरथरत होतं, असं तिने सांगितलं. "लक्ष्य राहू दे. मधे बघ. कशातून दिसतंय ते बघ." त्यांनी चाक फिरवून नजर लक्ष्याच्या अलीकडे आणली, लक्ष्य पुसट झालं, आणि त्या पुसटपणातून अचानक सगळं मैदान वाहायला लागलं. गवत, खांब, मातीचा बंधारा, सगळ्यांवरून एक पारदर्शक धार. तिच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. बाबा मागे काही बोलले नाहीत. नंतर घरी परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "पुष्कळांना वर्षभर दिसत नाही." तिला आपल्या शाळेतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा ते वाक्य मोठं वाटलं होतं. तेव्हापासून "पाणी कुठे चाललंय?" हा त्यांचा तिला रोजचा प्रश्न, नमस्काराऐवजी. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असायचं. तिला ते येतं का, एवढंच बघायचं असायचं.

शुक्रवारी ढग होते. पत्रा गार होता, ऊन नव्हतं. दुर्बिणीतून डेपो स्वच्छ, स्तब्ध, चित्रासारखा दिसत होता. पाण्याचा थेंब नाही. गच्चीवर चादरीही नव्हत्या. तिने डोळा लावून पुरेसा वेळ घेतला. आपण काय करणार आहोत हे तिला कळत होतं, आणि हे कळत असूनही आपला आवाज सरळ आहे ह्याचं तिला नवल वाटलं. "डावीकडे सरकतंय वाटतं," ती म्हणाली. बाबा वाकले. त्यांच्या मानेवर दाढी करताना राहून गेलेला पांढऱ्या केसांचा एक पट्टा होता. तो किती दिवसांचा होता कोण जाणे. "हो," ते म्हणाले, "सरकतंय. पातळ आहे." हा दवाखाना नव्हता. हा माणूस तिकीट काढून तपासायला आला नव्हता. तरीपण खरं सांगायचं तर तिला वाईट वाटलं ते रिकामा सूर सोडल्याचं नव्हे. त्यांनी तिच्या शब्दावर किती चटकन विश्वास ठेवला, त्याचं. "बाबा," ती म्हणाली, "एकदा डोळे दाखवून येऊया का? मी येते बरोबर." ते सरळ झाले. "तू कानाची माणूस," ते म्हणाले, "डोळ्यांत कशाला नाक खुपसतेस?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके खूश झाले की सासूबाईंना सांगायला आत गेले. आतून हसण्याचा आवाज आला तो एकट्या बाबांचाच.

सासूबाईंना ठाऊक होतं. संध्याकाळी भांडी पुसताना तिने विषय काढला, तर त्या पुसलेलीच बशी पुन्हा पुसत म्हणाल्या, "चहा कपात ओततात तो आवाजावरून. मला वाटायचं, ऐटीत वरून ओततायत." मग बशी खाली ठेवत म्हणाल्या, "मी वाट बघत होते ते कधी सांगतात त्याची. ते वाट बघत असतील मी कधी विचारते त्याची. इतकी वर्षं संसार केला, त्यात एवढं तरी यायला हवं होतं." त्यांच्या बोलण्यात रड नव्हती, राग होता, आणि तो नेमका कुणावर ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं. नवऱ्याने कानांवरची गाणी उतरवून सगळं ऐकून घेतलं. "तू सांग," तो म्हणाला. "मी सांगितलं तर त्यांना तो सूड वाटेल." हे तो इतकं साधेपणाने म्हणाला की तिला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली, बंदुकीला घाबरून गाडीत जाऊन बसलेला मुलगा आपल्या बापाला किती नीट ओळखत होता. "पण सामना झाल्यावर," तो म्हणाला. "एवढा सामना होऊ दे त्यांचा." तीही म्हणाली, हो, सामना झाल्यावर. सगळ्यांच्याच सोयीचं होतं ते.

शनिवारी मात्र एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती बराच वेळ तिला चिकटून राहिली. वकील, संघाचे कप्तान, सहाएक महिन्यांपूर्वी तिला म्हणाले होते, "वेधशाळेनंतर वारा तूच सांगणार, दुसरं कोण आहे?" तिने तेव्हा, छे, असं कसं, वगैरे जे म्हणायचं असतं ते म्हटलं होतं. पण तेव्हापासून दर सरावाला बाबांनी खटके सांगितले की ती मनात आधी आपले खटके सांगून ठेवायची, आणि गेल्या काही महिन्यांत तिचे खटके जास्त बरोबर येत होते. ह्याचा अर्थ आपण शिकलो असा तिने घेतला होता. दुसराही एक अर्थ समोर पडलेला होता, तो तिने उचलला नव्हता. आपल्याला त्यांची जागा हवी आहे का? कपड्यांना इस्त्री करता करता तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर इतकं ताबडतोब आलं की इस्त्री बाहीवर जरा जास्तच टेकली. हो, हवी आहे. तिला ती जागा हवी होती, आणि बाबा त्या जागेवरून पडू नयेत हेही तिला तितकंच हवं होतं. दोन्ही खरं होतं. तिला वाटलं होतं, असं काही मनात सापडलं की आपण हादरून जाऊ. तसं झालं नाही. उलट हात स्थिर झाले. जे आहे ते आहे. आता निदान त्याच्यामागे लपायला नको.

रविवारी आभाळ निवळलं आणि ऊन कडक पडलं. मैदान लांबच लांब, दोन्ही बाजूंनी निशाणं, टोकाला मातीचा बंधारा आणि त्याखालच्या खंदकातून वर-खाली होणारी लक्ष्यं. गोळी लागली की लक्ष्य खाली जायचं, भोकावर रंगीत चकती लावून पुन्हा वर यायचं, म्हणजे कुठे लागली ते इथे दिसायचं. संघात चौघं होती: वकील, बेकरीवाला, एक तरुण नर्स, आणि शेवटी ती. एकामागून एक मारायचं, मागे बसून बाबा वारा सांगणार. नेमबाजाने वाऱ्याचा विचार करायचा नाही, हा सांघिक सामन्याचा पहिला नियम. सांगितले तेवढे खटके फिरवायचे आणि मारायचं. वकिलांच्या पहिल्या काही गोळ्या ठीक गेल्या. मग चकती मधल्या वर्तुळाच्या डावीकडे सरकायला लागली. वकील उठले ते हाताच्या तळव्याकडे बघत. "माझाच चाप ओढला गेला," ते म्हणाले. बेकरीवाला जाडजूड, शांत माणूस. त्याच्या गोळ्याही डावीकडेच. "श्वास," तो म्हणाला, आणि छातीवर हात ठेवून लांब जाऊन बसला. ती मागच्या पत्र्याच्या शेडखाली आपल्या पाळीची वाट बघत होती, तिची छोटी दुर्बीण तिच्या पुढ्यात होती, आणि तिला सगळं दिसत होतं. जवळचं निशाण शेडच्या कोपऱ्यावरून वळून येणाऱ्या वाऱ्यात होतं, ते डावीकडूनचा वारा दाखवत होतं. बाबा तेच वाचत होते, कारण त्यांना तेवढंच दिसत होतं. त्या निशाणाच्या पलीकडे, जवळजवळ सगळ्या मैदानावर, वारा वेगळाच होता. सकाळी तो डावीकडून थोडा तरी होता. आता तो मरत चालला होता.

नर्सच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिने उठायला हवं होतं. ती उठली नाही. सामना झाल्यावर, हे शब्द तिच्या मांडीवर एखाद्या जड मांजरासारखे बसून होते. नर्सची एक गोळी पार बाहेर गेली, दुसरीही. ही मुलगी रात्रपाळी करून सरावाला यायची, हाताला घाम येतो म्हणून खडू लावायची, क्लबात सगळ्यांत लहान होती आणि बाबांना देव मानायची. बाबांचा आवाज तिला ऐकू आला, शांत, समजुतीचा: "श्वास सांभाळ. घाई नको." त्या आवाजात लबाडी नव्हती. आपण सांगितलेले खटके चुकत असतील हे त्या क्षणी त्यांनाही खरंच पटत नसावं. माणूस अभ्यासू होतो तेव्हा तो सगळ्यांत आधी स्वतःला फसवायला शिकतो. नर्स उठून आली. तिचं तोंड लाल झालं होतं. ती आपली उजव्या हाताची बोटं उघडत-मिटत होती, वस्तू बिघडली आहे का बघावी तशी. "हात हलतोय माझा," ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली. "काय झालंय कळत नाही." आणि तेव्हा, नर्सच्या त्या निरोगी, निर्दोष हाताकडे बघताना, सामना झाल्यावर ह्या शब्दांचा अर्थ तिच्यापुढे उघडा पडला. बाबांची लाज राखायला तीन माणसांनी स्वतःलाच बाद ठरवलं होतं.

ती चटईवर झोपली. खांद्याला बंदूक, गालाला लाकूड, डाव्या कोपराखाली ओळखीचा दगड. अंग आपोआप जागच्या जागी बसलं. कानांवरची यंत्रं तिनेच संघासाठी निवडली होती, बार अडवणारी पण बोलणं आत सोडणारी, त्यामुळे बाबांचा श्वासही तिला ऐकू येत होता. "डावीकडे चार," ते म्हणाले. "मार." तिने बाजूच्या दुर्बिणीत पाहिलं. पाणी सरळ वर चढत होतं. उकळी, आणि ती एका बाजूला कलायला लागलेली. तिने चापावरचं बोट बाहेर काढलं.

"मार," बाबा म्हणाले. "वेळ जातोय."

"नाही मारत."

मागे वकिलांची चुळबुळ तिला जाणवली. घड्याळ चालू होतं, संघाचा वेळ ठरलेला असतो. संघात राहून वारा सांगणाऱ्याचं न ऐकणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचं काळीज मात्र विलक्षण संथ चाललं होतं.

"बाबा," दुर्बिणीवरून डोळा न काढता ती म्हणाली, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतकंच, "पाणी कुठे चाललंय?"

कपड्यांची सळसळ झाली, ते दुर्बिणीशी वाकले असावेत. मग पुन्हा सरळ झाले असावेत. ह्या वेळी त्यांनी निशाणाकडे पाहिलं नाही, हे तिला न बघताही कळलं, आणि त्याबद्दल तिला त्यांचा अभिमान वाटला.

"मधोमध बोटाचा ठसा उमटल्यासारखं आहे," ते शेवटी म्हणाले. "जिथे बघावं नेमकं तिथेच पुसलेलं. कडेचं दिसतं सगळं. मी सगळं कडेने बघतो गं."

"मला दिसतंय," ती म्हणाली. "मी सांगते. किती खटके ते तुम्ही सांगा. ते मला अजून तुमच्याइतकं कळत नाही."

हे शेवटचं ती त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाली नव्हती. खरंच होतं ते. दिशा कुणालाही दिसेल, पण ह्या उन्हात, ह्या मैदानावर, ह्या चालीच्या पाण्याला किती, हे त्यांच्या डोक्यातच होतं. मग त्यांनी घसा साफ केला, आणि जे विचारलं ते पहिल्यांदाच विचारलं, उत्तर माहीत नसताना. "कुठे चाललंय?"

"डावीकडे वळतंय. उकळी मोडली. तळाशी जोरात, वर मंद."

"तळाशी म्हणजे गवताच्या शेंड्यांवर की खाली?"

"शेंड्यांवर."

"लाटा लांब की आखूड?"

"लांब. एकात एक मिसळतायत."

"उजवीकडे दोन. नाही, थांब. तीन. मार."

तिने दर्शनीचे खटके फिरवले, श्वास अर्ध्यावर सोडला आणि मारली. लक्ष्य खाली गेलं. वर आलं तेव्हा चकती मध्यात होती. बाबांना चकती दिसली नव्हती. तिने "मधे" म्हटलं आणि त्यांनी नुसतं "हं" केलं. मग ती दोघं बोलत राहिली. आजवर कधी नव्हतं इतकं ती बघत होती, कारण आता सांगायचं होतं. शब्दांत घालायचं म्हटल्यावर पाण्याला कितीतरी चाली फुटल्या. दाट, पातळ, अडखळणारं, एक पाय ओढत चालणारं. "एक पाय ओढत म्हणजे?" बाबांनी विचारलं, आणि तिने सांगितल्यावर म्हणाले, "अच्छा. त्याला मी कधी नावच दिलं नव्हतं." एकदा त्यांचे खटके तिला पटले नाहीत, ती तसं म्हणाली, त्यांनी हट्ट धरला, आणि त्यांचंच बरोबर निघालं. एकदा तिचं. तिची पाळी संपली तेव्हा तिचं अंग घामाने भिजलं होतं आणि गेल्या कित्येक वर्षांत आपण इतकं सुखाने काही केलं नाही, असं तिला वाटलं.

सामना ते हरलेच. आधीचे गेलेले गुण काही तिच्या गोळ्यांनी परत येणार नव्हते. फळ्यावर त्यांचा संघ शोधायला खालून वाचायला सुरुवात करणं सोयीचं होतं. शेडखाली सामान आवरणं चाललं होतं, बंदुका पुसून पेट्यांत जात होत्या, आणि वकील हरलेल्या कप्तानाने बोलायचं असतं ते बोलत होते, वारा विचित्र होता, पुढच्या वेळी बघू. बाबा तिथे गेले. ती मागे राहिली. त्यांना हात धरायला गेलं तर ते बिचकतील आणि मग बोलणार नाहीत, हे ती जाणून होती. ते नर्ससमोर थांबले. नर्स अजूनही बोटं उघडत-मिटत होती.

"तो हात खाली ठेव," ते म्हणाले. "त्याला काही झालेलं नाही. तुझी प्रत्येक गोळी मी सांगितलं तिथे गेली. मी चुकीचं सांगितलं."

"वेधशाळा, काहीतरीच काय..." वकील म्हणाले.

"वकील, साक्ष पुरी होऊ द्या." बाबांनी चष्मा काढून हातात धरला, जणू आता त्याचं काम नव्हतं. "मला पाणी दिसत नाही. वर्ष होत आलं. जवळचं निशाण बघून सांगत होतो. बाकी अंदाज. तुमचा चाप ठीक होता, ह्याचा श्वास ठीक होता, हिचा हात ठीक होता."

बेकरीवाल्याने छातीवरचा हात खाली घेतला. "म्हणजे श्वास ठीक होता?" त्याने विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका उघड आनंद पसरला की वकिलांना हसू आवरेना. नर्स मात्र हसली नाही. "तुम्ही मला म्हणालात, श्वास सांभाळ," ती म्हणाली. "दोन बाहेर गेल्यावर. मी घरी जाऊन बंदूक विकायचं ठरवलं होतं, आत्ता, इथे बसून."

"म्हणालो खरा," बाबा म्हणाले. त्यांनी त्यापुढे काहीच जोडलं नाही. नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या तिच्याकडे. "आणि तुला? तुला कधी कळलं?"

"तिला आत्ताच, तिथे चटईवर..." बाबा म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "मला गुरुवारपासून माहीत होतं. तू मारत होतीस तेव्हाही माहीत होतं. मी उठायला हवं होतं."

समोर नर्सचा राग होता, खराखुरा, आणि तो यायलाच हवा होता. त्याच्या वाटेतून बाजूला व्हायची तिला इच्छा नव्हती. बाबा चष्मा पुसत राहिले. शेडबाहेर पुढच्या सामन्याचा पहिला बार झाला, आणि सगळ्यांनी सवयीने मान वळवून लांबवरच्या लक्ष्याकडे पाहिलं, बाबांनीही.

"मग आता वारा कोण सांगणार?" वकिलांनी विचारलं. शेवटी कप्तानाला ते विचारावंच लागतं.

"मी," ती म्हणाली. "बाबा माझ्या शेजारी बसतील."

"आणि तू चुकलीस तर?" नर्स म्हणाली.

"तर तू बोल. गोळी मारायच्या आधी. मी ऐकेन किंवा भांडेन, पण तू बोल."

नर्सचा राग गेला नव्हता, आणि लगेच जाईल असं दिसतही नव्हतं. मग तिने खाली वाकून जाड चटईची गुंडाळी केली, एक टोक काखेत मारलं आणि दुसऱ्याकडे मानेने खूण केली. "धर तिकडून," ती म्हणाली, "एकटीला जड आहे." आणि दोघी ती चटई घेऊन उन्हातून गाडीकडे निघाल्या, पावलं जुळायला थोडा वेळ लागला.